पांढऱ्या दुधातले 'अ' जीवनसत्त्व

शिरवळच्या एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. दिवेलागणीला पोर चाचपडते, उंबऱ्याला ठेचकाळते. हा रातांधळेपणा. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लगेच दिला. आजींनी विचारले, "डॉक्टर, म्हैस विकून गाय घेऊ का? गाईचे दूध पिवळे. पांढऱ्या दुधात कसले आले जीवनसत्त्व?"

शंका रास्त वाटते, पण रसायनशास्त्र वेगळेच सांगते. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन असते. त्याचा रेणू ४० कार्बन अणूंचा. त्यात एकाआड एक असे ११ दुहेरी बंध असतात, त्यामुळे त्याला पिवळा-नारिंगी रंग येतो. हा रेणू मधोमध तुटला की २० कार्बनचे 'अ' जीवनसत्त्व तयार होते. त्यात असे बंध फक्त ५, म्हणून ते जवळजवळ रंगहीन. गाय काही कॅरोटीन तसेच दुधात सोडते. म्हैस बहुतेक सारे जीवनसत्त्वात बदलते. म्हणून तिचे दूध आणि लोणी पांढरे.

मग न दिसणारे मोजायचे कसे? १९२६ साली कार आणि प्राइस या शास्त्रज्ञांनी रीत काढली. क्लोरोफॉर्ममधील अँटिमनी ट्रायक्लोराइड घातले की निळा रंग येतो. पण तो काही सेकंदांतच फिका पडतो. आता एचपीएलसी यंत्राने घटक वेगळे करून अतिनील किरणांच्या साहाय्याने मोजतात. उजेडाने व हवेने हे जीवनसत्त्व नासते, म्हणून प्रयोगशाळेत हे काम मंद प्रकाशात चालते.

घरीही हेच ध्यानात ठेवावे. मेथी, शेवग्याचा पाला उन्हात वाळवू नये. भाजी झाकण ठेवून शिजवावी आणि तेलाची फोडणी द्यावी. स्निग्ध पदार्थाशिवाय कॅरोटीन नीट अंगी लागत नाही.

मी आजींना विचारले, "घरात दूध किती ठेवता?"

"चहापुरते. बाकी डेअरीला."

दुखणे तिथे होते! म्हैस ठेवा, पण रोज पेलाभर साईसकट दूध नातवाला द्या, जोडीला पालेभाजी आणि पिकलेली पपई द्या, असे सांगितले.

सरकारी केंद्रात 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस ९ व्या महिन्यात, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढे ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी मोफत मिळतो. तो चुकवू नका. गरोदर स्त्रियांनी मात्र सल्ल्याशिवाय याच्या गोळ्या घेऊ नयेत. अतिरेक गर्भाला बाधतो.