कुंकू लावलेला क्यूआर कोड

गेल्या वर्षी घरच्या लग्नात आम्ही लांबलचक पत्रिका छापल्या नाहीत. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर कडेपर्यंत एक क्यूआर कोड. मुहूर्त, कार्यालयाचा नकाशा सारे मोबाइलवर उघडणार होते. आत्याने रिवाजाप्रमाणे कोपऱ्यांना हळद-कुंकू लावले आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले, "अरे, काही उघडतच नाही!"

असे का व्हावे? हा कोड जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केला. कारखान्यात डाग पडणारच, म्हणून त्यात मजकुराबरोबर काही जादा आकडे साठवतात. रीड व सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणिताने त्यांवरून बिघडलेले आकडे पुन्हा मिळवता येतात. वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के. मग बोटभर कुंकवाने काय बिघडते?

बिघडते ते कोपऱ्यात. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांत मजकूर नसतोच. कोड कुठे आहे, कसा वळला आहे, हे कॅमेरा त्यांवरून ओळखतो, आणि या गणिताचे संरक्षण त्यांना नाही. शिवाय मोबाइल इथे रंग नव्हे, उजेड-काळोख पाहतो. कुंकू काळ्यात जमा होते, तर काळ्यावर जाड बसलेली हळद पांढऱ्यात!

वर्गात करून पाहता येईल. एका प्रतीवर मधोमध छोटा ठिपका द्या, दुसरीवर एका मोठ्या चौकोनावर, आणि दोन्ही मोबाइलने वाचून पाहा.

उरलेल्या कार्डांना आम्ही कुंकू मागच्या बाजूला लावले. आत्याला ते अजून पटलेले नाही.