स्वप्न जुन्या जीपचे. पण दात बघूनच घ्या!

उसाची बिले जमा होऊ लागली, हरभरा-गहू घरात येऊन पडला, की गावाच्या पारावर एक विषय हमखास निघतो. पाऊसपाणी झाले, बाजारभाव झाले, सोसायटीचे कर्ज झाले, की तंबाखू मळता मळता कोणीतरी हळूच म्हणतो, “औंदा एखादी जुनी जीप बघावी म्हणतो.”

झाले! मग तासभर पारावर दुसरे काही नाही. “जीपच घ्या आबा, फोर व्हीलची. चिखलात रुतायची नाही.” “जीपला काय करता? डिझेल अँबॅसिडर बघा तात्या, अख्खं घर बसतंय.” तिसऱ्याला जिप्सी हवी असते. चौथ्याच्या मेव्हण्याच्या गोठ्याशेजारी म्हणे एक काँटेसा उभी आहे, “नुसती बॅटरी टाकायची, लगेच चालू!” चहा दोनदा होतो, पाच-सहा गाड्या घेऊन होतात, विकून होतात आणि खिशातला एक रुपयाही न मोडता मंडळी घरी जातात.

या स्वप्नाला नावे ठेवण्याचे कारण नाही. नव्या गाडीच्या किमती ऐकून डोळे फिरतात, आणि नव्या गाड्या एकीसारखी दुसरी. जुन्या गाडीला मात्र स्वभाव असतो. शिवाय अशा गप्पांतून माणूस शिकतो. कोणत्या गाडीचे इंजिन कसे, कोणाचा गिअरबॉक्स नाजूक, कोणाचे सामान मिळते, हे ज्ञान पारावर फुकट मिळते. हौसेला मोल नसते म्हणतात; पण गाडीला असते, आणि ते घेताना एकदाच नव्हे, पुढे दर वर्षी द्यावे लागते. म्हणून स्वप्न खुशाल पाहा, व्यवहार मात्र बैल घेताना करतो तसा करा.

जीव जडतो तो कोणावर?

पहिला मान जीपचा. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेली ही गाडी आपल्याकडे धरणाच्या कामावर, वनखात्यात आणि मग शेतकऱ्याच्या दारात आली. पुढे डिझेल इंजिने आली. एमएम ५४०, कमांडर, मार्शल ही नावे आजही गावात घरच्या माणसासारखी घेतली जातात. हातोडी-पान्यावर दुरुस्त होणारी गाडी, हे तिचे मोठे बळ.

दुसरी ‘फियाट’. इटलीच्या फियाट ११०० वरून प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवली. १९७० च्या दशकात ती प्रीमियर पद्मिनी झाली, पण लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अँबॅसिडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाऱ्याची, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक. कलेक्टर आणि कारखान्याचे चेअरमन हिच्यातूनच उतरायचे. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

जिप्सी १९८५ ची. पेट्रोलवर चालणारी, हलकी आणि डोंगराला न भिणारी. लष्कराने आणि पोलिसांनी तिला नाव मिळवून दिले. टाटांची सिएरा १९९१ ची. मागच्या बाजूला वळवलेली मोठी काच आणि दोनच दारे, त्यामुळे हौशी मंडळी आजही तिच्यासाठी जिल्हे पालथे घालतात. टाटा सुमो १९९४ ची. सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांतून तिचे नाव पडले. बजाज टेम्पोची ट्रॅक्स तर लग्नाच्या वऱ्हाडाशिवाय आठवतच नाही.

यादी वाचून मन मोठे झाले असेल, तर आता बाजारात चला.

दात, चाल आणि खोड

बैल घेताना आपण काय करतो? आधी तोंड उघडून दात बघतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग चालवून बघतो, भरल्या गाडीला जुंपून बघतो. शेवटी खोड विचारतो. जुन्या गाडीलाही हेच तीन नियम.

दात म्हणजे वय. ते मालकाच्या तोंडून ऐकायचे नाही, आरसी बुकावर वाचायचे. चेसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिनाचा नंबर बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबराच्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर पुढे बोलूच नका, उठा. किलोमीटरच्या आकड्यावरही विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत कड आणि बसून चेपलेली ड्रायव्हरची सीट या तीन वस्तू सहसा खोटे बोलत नाहीत.

चाल बघायला सकाळी जावे. गेल्या गेल्या बॉनेट उघडायला सांगून इंजिनावर तळहात ठेवा. इंजिन गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती असे समजा. ती थंड होऊ द्या आणि मग एका सेल्फवर उचलते का बघा. धुराचा रंग ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा पंप-नोझलचे काम आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर आत पाणी जाते का, याची शंका घ्या. ऑइलचे झाकण काढा. झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस दिसला, तर पाणी आणि ऑइल एक झाले आहे, म्हणजे हेडचे काम. झाकण काढल्यावर भकाभका वाफ मारत असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्या.

मग चार माणसे बसवून गाडी चढाला घाला. भरल्या गाडीला जुंपणे ते हेच. फोर व्हीलची जीप असेल तर नांगरलेल्या रानात नेऊन फोर व्हीलची दांडी टाकून बघा. अनेक जीपमध्ये दांडी दिसते, पण पुढचा शाफ्ट कधीचा काढून ठेवलेला असतो. सरळ रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंग सैल धरले तर गाडी एका अंगाला ओढते का, हेही पाहा.

खोड शोधायची तर खाली वाकावे लागते. गाडीचे तोंड रंगवलेले असते, पोट नसते. चेसिसच्या पट्ट्या, पाट्यांची टोके, दारांचा खालचा काठ आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा भुगा होऊन पडला तर ती गाडी नव्हे, भंगार.

आपल्या नदीकाठच्या भागासाठी एक वेगळी सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी असंख्य गाड्या पाण्यात राहिल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटखालचे गालिचे उचला, डॅशबोर्डच्या मागे बोट फिरवा, दिव्यांच्या आतली कड बघा. महापुराचा गाळ कसा असतो हे शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही. बोटाला तो लागला तर वायरिंग पुढे त्रास देणार, हे नक्की.

जुन्या पेट्रोल गाडीची आणखी एक गोष्ट, आणि तिचा संबंध थेट आपल्या उसाशी आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच. पण फियाट, जुनी जिप्सी यांचे रबरी पाइप, गॅस्केट आणि कार्बोरेटर अशा इंधनासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल पाणी धरते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकी गंजते आणि पाइप फुगतात किंवा तडकतात. म्हणून अशी गाडी घेतली तर इंधनाचे पाइप आधी बदला आणि आठवड्यातून एकदा तरी ती फिरवा.

दावे कोणाच्या खुंट्याला?

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडीचा सौदा होतो, स्टॅम्पपेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, पेढे वाटले जातात आणि आरसी बुक मूळ मालकाच्याच नावावर राहते. “जाऊ कधीतरी आरटीओत,” असे म्हणता म्हणता गाडी तिसऱ्याच्या, चौथ्याच्या दारात जाते. स्टॅम्पपेपर म्हणजे नावावर होणे नव्हे, हे गावोगाव सांगावे लागते.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. हे झाले नाही आणि अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की गाडी किती हात बदलली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव तोच मालक आणि जबाबदारी त्याची. म्हणजे जीप विकून आलेले पैसे केव्हाच खतात-औषधात गेले, आणि ज्या गावाचे नावही ऐकले नाही तिथल्या अपघाताची नोटीस घरी आली, असे होऊ शकते. विम्याशिवाय फिरणाऱ्या गाडीचा असा दावा एखाद्याच्या जमिनीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून घेणाऱ्यापेक्षाही विकणाऱ्याने जास्त घाई करावी.

गोठ्यातल्या बऱ्याच जीप वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात. तिथे आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर नोंद करून घ्यावी, मग विक्री. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हवा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ हवा, शिवाय आपल्या राज्याचा कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात २०१५ नंतर जुन्या गाड्यांवर बंधने आली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्त म्हणून इकडे येतात. त्या घेताना किंमत आणि कर यांची बेरीज करूनच स्वस्त की महाग ते ठरवा.

पंजाब-हरियाणाकडून, विशेषतः मंडी डबवालीच्या बाजारातून, नव्याने बांधलेल्या उघड्या जीपही येतात. फोटोत फार देखण्या दिसतात. पण बुकावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी असे असेल, तर पासिंग होत नाही आणि विमाही अडतो. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद बुकावर असलीच पाहिजे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांनी तिला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ती मात्र मिरवायची, रोज वापरायची नव्हे.

हिशेब पाटीवर मांडा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरील गाडीला ऑगस्ट २०२५ च्या नियमाने १०,००० रुपये. त्यावर पर्यावरण कर वेगळा. तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर असतो. २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये होते, तर दीड हजार सीसीवरच्या गाडीला ७,८९७. म्हणजे मारुती ८०० आणि डिझेल जीप यांत विम्यातच जवळपास चौपटीचा फरक.

आमचे साधे माप असे, की गाडी दीड लाखाला ठरली तर आणखी पन्नास हजार हातात हवेत. चार टायर, बॅटरी, ब्रेक, क्लचप्लेट, विमा, फी यात ते पहिल्याच वर्षी जातात. हे पन्नास हजार नसतील तर गाडी पेलणार नाही, अजून एक साल पारावरच फिरवावी.

आणि पैसा कोणता? सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडले तर २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडते. उसाच्या बिलातून आधी जीप घेतली आणि कर्ज थकले, तर ही सवलत गेली. मग पुढचे बी-खत सावकारी दराने. म्हणून आधी सोसायटी, मग खरिपाची तरतूद, मग घर आणि उरले तर हौस. “वडापला लावू, गाडी स्वतःचे पैसे फेडेल,” हा हिशेब कोणी सांगत असेल तर ऐकू नका. खासगी पासिंगच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना एक विनंती. फॉर्म २९, ३० आणि ३१ चा अर्थ सांगणारा एक कागद पंचायतीच्या फलकावर लावावा, तालुक्याला आरटीओचा कॅम्प कधी आहे तेही लिहावे. गावात वर्षानुवर्षे गंजत उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना नोंदणी रद्द करून घ्यायला किंवा अधिकृत भंगार केंद्रात द्यायला सांगावे. गाडी मोडली तरी नाव उभेच असते.

शेतकरी बंधूंनो, पारावरच्या गप्पा बंद करू नका. कोणती गाडी घ्यावी याचा खल वर्षभर करा. जेवढा खल जास्त, तेवढी चूक कमी. आणि ज्या दिवशी खरेच घ्यायला निघाल, त्या दिवशी गावातला जाणता मिस्त्री बरोबर न्या, त्याचा रोजगार द्या आणि तो मान हलवेल तेव्हाच विसार द्या. बैल फसला तर एका हंगामाचे नुकसान होते. गाडी कागदाला फसली तर ते नुकसान पुढची पिढी फेडत बसते.