स्तनाच्या कर्करोगाचा माग काढणारी किरणोत्सारी औषधे

स्तनाचा कर्करोग झालेल्या भगिनीला डॉक्टर 'पेट स्कॅन' किंवा 'हाडांचा स्कॅन' लिहून देतात, तेव्हा घरच्यांच्या छातीत धस्स होते. 'किरणोत्सारी औषध टोचणार' एवढे ऐकूनच काही जण तपासणी टाळतात. म्हणून हे औषध नेमके काय असते, ते आपण समजून घेऊ.

एक्स-रेमध्ये किरण बाहेरून शरीरात जातात. येथे उलट आहे. शिरेतून अत्यल्प औषध देतात, ते रोगाच्या जागी साठते, आणि तेथून निघणारे किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक ओढतात. म्हणून पेट स्कॅनसाठी साखरेसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात. त्याआधी उपाशी राहण्यास सांगतात आणि रक्तातील साखर तपासतात, ती याचसाठी. मात्र मेंदूही साखर ओढतो, क्षयाची गाठही चमकते. त्यामुळे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय केवळ स्कॅनवरून निकाल देत नाहीत.

औषध निवडताना वेळेचा हिशेब महत्त्वाचा असतो. बँकेत ठेव वाढते. येथे मुद्दलच ठरावीक वेळाने निम्मे होते. या फ्लोरिनचे ११० मिनिटांत निम्मे होते. मुंबईहून कळवणला गाडीने साडेपाच तास धरले, तर सोळा आण्यांतले दोनच आणे उरतील! म्हणून ते सायक्लोट्रॉन यंत्रापासून फार दूर नेता येत नाही. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.

हाडांच्या स्कॅनसाठी वापरतात ते टेक्निशियम सहा तासांनी निम्मे होते. तेही साठवता येत नाही. पण ज्यातून ते निर्माण होते ते मॉलिब्डेनम ६६ तासांनी निम्मे होते. त्यामुळे मॉलिब्डेनमचे भांडे रुग्णालयात आणून ठेवतात आणि त्यातून रोज ताजे टेक्निशियम काढतात. डॉक्टर मंडळी गमतीने या भांड्याला 'गाय' म्हणतात.

औषधाच्या कणांचा आकारही पारखावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी टेक्निशियमचे कण स्तनात टोचून काखेतील पहिली ग्रंथी शोधतात. कण फार बारीक असले तर ते पुढच्या ग्रंथींत पळतात. फार मोठे असले तर टोचल्या जागीच अडकतात. त्या पहिल्या ग्रंथीत रोग नसेल, तर बहुधा बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याचा धोका कमी होतो. शेतात, घरात राबणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

या औषधांची भीती बाळगू नये. टेक्निशियम २४ तासांत सोळाव्या हिश्शावर येते, शिवाय लघवीवाटेही बाहेर पडते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी मात्र डॉक्टरांना आधीच सांगावे.

पण हे सारे गाठ लक्षात आल्यानंतरचे. टाटा रुग्णालयाने मुंबईत सुमारे दीड लाख महिलांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासल्याने पन्नाशीपुढील महिलांमधील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. या तपासणीला ना यंत्र लागते, ना मुंबई. तेव्हा भगिनींनो, गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. लाज बाजूला ठेवा आणि वेळीच दवाखाना गाठा.