प्रत्येक देशाचे एक नाणे

बँकेच्या परकीय चलन विभागात काम करीत असताना एक दृश्य मी नित्य पाहत असे. परदेशातून परतलेले व्यापारी काउंटरवर खिसे रिकामे करीत. डॉलर, मार्क, फ्रँक यांच्या नोटा आम्ही मोजून घेत असू आणि त्या दिवसाच्या दराने रुपये त्यांच्या खात्यावर जमा करीत असू. नोटांबरोबर आलेली नाणी मात्र बोटाने हळूच परत सरकवीत असू. बँका परकीय नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. नोटांचे पुडके मूळ देशी पाठविणे परवडते. नाण्यांच्या वजनाचे भाडेच त्यांच्या किमतीच्या वर जाते. म्हणूनच व्यापारानिमित्त देशोदेशी जाणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांत कपाटाच्या एखाद्या खणात, जुन्या डबीत, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात परदेशी मोड पडून असते. तिचे काय करावे हे कोणास ठाऊक नसते आणि टाकून देण्याचे धाडसही होत नाही.

१९८७ साली अँटवर्पहून आलेल्या हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याने मी सरकविलेली नाणी पुन्हा माझ्याकडे सरकविली. "साहेब, ही तुम्हीच ठेवा. घरी नेली तर नातू तोंडात घालतो." मी पैसे देऊ केले, ते हसले, शेवटी मी चहा मागविला आणि व्यवहार पूर्ण झाला. त्या मुठीत एक फ्रँकची दोन नाणी होती. आकार तोच, स्त्रीचे मस्तक तेच. पण एकावर 'बेल्जिक' आणि दुसऱ्यावर 'बेल्जिए' अशी अक्षरे होती. मला वाटले, देश दोन असावेत. पुढे कळले की देश एकच, भाषा दोन. फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी एक आणि डच बोलणाऱ्यांसाठी एक असे बेल्जियमचे सरकार प्रत्येक नाणे दोन प्रकारांनी पाडीत असे. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मनात आले, जगातील प्रत्येक देशाचे एक तरी नाणे आपल्याजवळ असावे.

संकल्प सोपा वाटला, कारण देश म्हणजे काय हा प्रश्न तोवर पडलेला नव्हता. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य १९३; व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन निरीक्षक. ही यादी मी प्रमाण मानली. परंतु बँकेत खातेदाराची व्याख्या जशी प्रत्यक्ष अर्ज आल्यावर अवघड होते, तसेच येथे झाले. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, नायजर, टोगो इत्यादी ८ देशांचे चलन एकच, मध्यवर्ती बँकही एकच. त्यांच्या नोटांवर कोणत्या देशासाठी ती काढली हे सांगणारे एक अक्षर असते. नाण्यांवर तेही नसते. कॅरिबियन समुद्रातील ६ स्वतंत्र देशांच्या नाण्यांवर 'ईस्ट कॅरिबियन स्टेट्स' एवढेच लिहिलेले. पालाऊ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटे यांच्या व्यवहारात अमेरिकेचा डॉलर चालतो; त्यांच्या नावाची चकचकीत नाणी निघतात ती केवळ संग्राहकांना विकण्यासाठी. अशी नाणी मी घेतली नाहीत. ज्या नाण्याने कधी कोणी भाजी घेतली नाही, त्यास नाणे म्हणणे माझ्या जिवावर येते. हा माझा हट्ट समजावा. पुष्कळ संग्राहकांना तो मान्य नाही.

पश्चिम आफ्रिकेच्या बाबतीत मात्र तोडगा सापडला. मालीने १९६१ साली स्वतःची फ्रँक नाणी काढली होती आणि गिनी-बिसाऊने १९७७ साली पेसोची. हे दोन्ही देश सामायिक चलनात नंतर आले. उरलेल्या ६ देशांसाठी मी एकच नाणे ठेवले आणि वहीत त्याच्यापुढे सहा नावे लिहिली, जसे संयुक्त खात्यावर लिहितो. त्या नाण्यावर एका माशाची आकृती आहे. त्या भागात सोन्याची भुकटी तोलण्यासाठी पितळेची नक्षीदार वजने वापरीत. त्यांपैकी करवतमाशाच्या आकाराचे एक वजन नाण्यावर आले आहे. आपल्या सराफी पेढ्यांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांनी हे नाणे अवश्य पाहावे. तराजूला राजमुद्रेचा मान देणारे असे दुसरे चलन माझ्या पाहण्यात नाही.

युरोची तऱ्हा याच्या अगदी उलट. २००२ च्या जानेवारीत १२ देशांत ही नाणी एकाच दिवशी व्यवहारात आली. एक बाजू सर्वांची समान, दुसरी प्रत्येक देशाची स्वतःची. ग्रीसच्या एक युरोवर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरील घुबड, ऑस्ट्रियाच्या नाण्यावर मोत्सार्ट, आयर्लंडच्या नाण्यावर वीणेसारखे त्यांचे हार्प. ही सर्व नाणी एकमेकांच्या देशांत चालत असल्याने पॅरिसच्या दुकानातून मिळालेल्या मोडीत पाच-सहा देश सहज निघतात. युरोपला जाणाऱ्या आप्तांना मी एवढेच सांगतो की परतीच्या विमानतळावर उरलेली मोड चॉकलेटवर उडविण्यापूर्वी पालथी करून पाहा. व्हॅटिकनचे युरो मात्र अशा मोडीत क्वचितच येतात. त्यांचे बहुतेक संच थेट संग्राहकांकडे जातात आणि महाग पडतात. त्याऐवजी व्हॅटिकनचे जुने लिरा नाणे थोड्या पैशांत मिळते.

नाणे हाती आले तरी ते कोणाचे हे कळेलच असे नाही. स्वित्झर्लंडच्या नाण्यावर 'हेल्वेशिया' असते. चार भाषांच्या त्या देशाने भांडण नको म्हणून लॅटिन नाव पत्करले आहे. तेथील १० राप्पेनच्या नाण्याची आकृती १८७९ पासून बदललेली नाही. फिनलंड 'सुओमी' होतो, अल्बानिया 'श्चिपेरी', क्रोएशिया 'हर्वात्स्का'. शेवटच्या नाण्याने मला चार महिने फिरविले. ब्रिटनच्या नाण्यावर तर देशाचे नावच नसते. राजाचा किंवा राणीचा चेहरा पुरेसा आहे असे त्यांस वाटते.

सनांचे प्रकरण अधिक गोड आहे. नेपाळच्या नाण्यावरील वर्ष आपल्यास परके नाही. ते विक्रम संवताचे असते, दिवाळीच्या चोपडापूजनाला जो संवत आपण लिहितो तोच. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन साधारण मिळतो. थायलंडच्या बौद्ध सनातून ५४३ वजा करावे लागतात, इराणच्या सौर सनात ६२१ मिळवावे लागतात. इथिओपियाचे वर्ष आपल्या इसवी सनाच्या ७-८ वर्षे मागे चालते. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष लिहितात: शोवा असेल तर १९२५ मिळवावे, हेइसेई असेल तर १९८८, रेइवा असेल तर २०१८. जपानचे ५ येनचे पिवळे, मध्ये भोक असलेले नाणे तर संपूर्ण जपानी लिपीत आहे. ५ हा आकडाही त्यावर नाही. वाचता न येणाऱ्याने भाताची लोंबी पाहून ते ओळखावे. आणि १ येनचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे बरोबर १ ग्रॅम भरते. माझ्या छोट्या वजनकाट्याची परीक्षा मी अजूनही त्याच्यावरच घेतो.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटणारे नाणे १९६६ सालचे आहे. त्यावर हरिण आहे आणि अरबीत 'कतार व दुबई' असे लिहिले आहे. असा देश कधीच नव्हता. खाडीतील कुवेत, बहारीन, कतार, दुबई येथे दीर्घकाळ आपला रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या आयातीतून तो परत येऊ लागला म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खाडीसाठी निराळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा कतार व दुबई यांनी मिळून नवे चलन काढले. भारताच्या एका आर्थिक निर्णयाचे पडसाद वाळवंटातल्या त्या हरिणावर उमटले आहेत. वाणिज्य शाखेत अवमूल्यनाचा अभ्यास मी पुस्तकातून केला होता. हे नाणे तळहातावर घेतल्यावर तो पुन्हा एकदा समजला.

हे नाणे मला ज्यांनी दाखविले, त्या स्नेह्यांविषयी लिहिल्याखेरीज हा लेख अपुरा राहील. कापडाचा व्यापार, दुकान बंद झाल्यावर रात्री नाणी, असा त्यांचा क्रम. ४० वर्षांचा संग्रह बिस्किटांच्या चार डब्यांत होता. कोणते नाणे कोठले हे त्यांना मुखोद्गत असे. लिहिलेले मात्र काही नव्हते. ते गेले तेव्हा मी बाहेरगावी होतो. तीन आठवड्यांनी भेटावयास गेलो, तेव्हा मुलाने सहज सांगितले की घर आवरताना ते डबे भंगारवाल्यास दिले. त्याने पितळ वेगळे, अ‍ॅल्युमिनियम वेगळे करून वजनावर पैसे दिले होते. मुलांना दोष कसा द्यावा? चोपडीत ज्याची नोंद नाही तो माल नाही, हेच वडिलांनी त्यांना शिकविले होते. मी तेथे चहा घेतला आणि काही न बोलता उठलो.

त्याच आठवड्यात मी एक मोठी खतावणी विकत आणली. प्रत्येक देशास एक खाते: नाण्यावरील वर्ष, इसवी सन, धातू, वजन, कोणाकडून व केव्हा आले. स्वतःची अशी नोंद ठेवणे जगप्रसिद्ध छापील सूचीतील क्रमांक टिपण्याहून मला अधिक महत्त्वाचे वाटते. क्रमांक कोणीही शोधून काढील. पूर्व आफ्रिकेचे भोकाचे १० सेंट आमच्या शेजारच्या काकूंनी १९७२ साली कंपालाहून निघताना चुकून पिशवीत आणले, हे कोणत्याही सूचीत सापडणार नाही. त्या कांस्याच्या नाण्यास मी एकदा चिंच लावून घासले होते. ते चकाकले खरे, परंतु अर्धशतकाची तपकिरी झाक गेली ती गेलीच. नाणे कधीही घासू नये. कडांना धरावे. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत पावसाळ्यात तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. जाड कागदी चौकटी घ्याव्यात आणि डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात.

कायद्याविषयी अनेकजण विचारतात. परकीय चलनाच्या नियमांनुसार निवासी भारतीयास परकीय नाणी कितीही बाळगता येतात, नोटांना मात्र २००० डॉलरच्या मूल्याची मर्यादा आहे. नाणे १०० वर्षांहून जुने असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते येते आणि परदेशातील मुलाकडे सामानात घालून पाठविता येत नाही. आजोबांच्या पेटीतील राणी छाप रुपयांविषयी हे विशेष ध्यानात ठेवावे.

१०० देशांची १०० नाणी एकाच पाकिटात हल्ली घरपोच मिळतात. नातीने आठवीत असताना तसे पाकीट मागविण्याचा हट्ट धरला, आणि मी ते मागविलेही. देश ओळखण्याच्या सरावास ते उत्तम आहे. पण ती नाणी तिने वेगळ्या डब्यात ठेवली. खतावणीत घेण्यास तिचीच हरकत होती. "आजोबा, 'कोणाकडून'मध्ये काय लिहू?"

आज १७१ खाती भरली आहेत. गेल्या महिन्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या एका भाच्याने केप व्हर्देचा एस्कुदो आणला. नोंद नातीने केली. नोंद करून झाल्यावर ती पहिल्या पानाकडे वळली. बेल्जियम, १ फ्रँक, नग दोन, सन १९८७. 'कोणाकडून' हा रकाना मोकळा. खतावणी फार उशिरा सुरू झाली आणि अँटवर्पहून आलेल्या त्या गृहस्थांचे नाव मला आता आठवत नाही. दोन जुन्या सहकाऱ्यांना विचारले. त्यांनाही आठवत नाही. मुंबईत फोर्ट भागातील शाखा, पावसाळ्याचे दिवस, सोबत चार-पाच वर्षांचा नातू घरी असल्याचा उल्लेख, एवढेच स्मरते. हा अंक अनेक हिरे व्यापारी कुटुंबांत जातो. आपल्या आजोबांनी बँकेत कोणा तरुण अधिकाऱ्यास फ्रँकची नाणी देऊन टाकल्याची गोष्ट कोणी घरी ऐकली असेल, तर संपादकांकडे कृपया कळवावे. रकाना मोकळाच ठेवला आहे.