विश्लेषण : बार्शीहून स्वीडनच्या वैद्यकीय परिषदेला जायचे, तर काय लागते?

भगवंत मंदिर आणि बाजारपेठ यांमुळे बार्शी आपल्याला ठाऊक. जगातल्या कर्करोगतज्ज्ञांना ती ठाऊक आहे वेगळ्या कारणाने. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात आली.

माल्मोशी संबंध काय?

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ७४६ महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. टाटा रुग्णालय, फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, काहीशा लहान गटात ६४. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आले. पुढच्याच महिन्यात याच विषाणूवरची आंतरराष्ट्रीय परिषद स्वीडनच्या माल्मो या किनारी शहरात भरली होती.

व्हिसा कोणत्या देशाचा?

इथेच अनेकांची गफलत होते. माल्मोला जाणारे बहुतेक जण विमानाने डेन्मार्कच्या कोपनहेगनला उतरतात आणि २००० साली खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून रेल्वेने समुद्र ओलांडतात. तरीही परिषद स्वीडनमध्ये असेल, तर शेंगेन व्हिसाचा अर्ज स्वीडनकडेच करायचा. कुठे उतरता हे नव्हे, मुख्य मुक्काम कुठे हे पाहिले जाते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. बोटांचे ठसे द्यायचे असतील तर बार्शीहून एक फेरी मोठ्या शहराला ठरलेली. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, निमंत्रणपत्र आणि परतल्यानंतरही तीन महिने चालेल असा पासपोर्ट हवा.

शुल्क ९० युरो आहे. पण वैज्ञानिक परिषदेला निघालेल्या संशोधकांना ते माफ असते, हे फारसे कुणी सांगत नाही. संस्थेचे पत्र जोडून माफी मागावी. अर्जकेंद्राचे सेवाशुल्क मात्र वेगळे.

तिथे पोहोचल्यावर?

पूल ओलांडताना पासपोर्ट हाताशी ठेवावा, स्वीडनकडून तपासणी होते. डेन्मार्कचा क्रोन आणि स्वीडनचा क्रोना ही दोन वेगळी चलने. स्वीडनमध्ये अनेक दुकाने रोकड घेतच नाहीत, तेव्हा परदेशात चालणारे कार्ड बँकेतून आधीच सुरू करून घ्यावे. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण समुद्रावरचा वारा बोचरा. बार्शीच्या उन्हाळ्यातून निघताना स्वेटर बॅगेत ठेवणे जिवावर येते, तरी ठेवावे.

खर्च कोण उचलणार?

विमान, हॉटेल आणि परिषदेची नोंदणी हा खरा भार आहे. आयसीएमआर प्रवासासाठी अर्थसाह्य देते. काही परिषदा कमी उत्पन्नाच्या देशांतील प्रतिनिधींना सवलत देतात. शोधनिबंध स्वीकारल्याचे पत्र हाती येताच अर्ज टाकावा, कारण मंजुरीला वेळ लागतो.

गावातले आकडे परिषदेला सहज पोहोचतात. ते दारोदार फिरून गोळा करणारा कर्मचारी क्वचितच जातो. एखादी बाई तपासणीला का आली नाही, तिच्या घरात कोण नको म्हणाले, हे मात्र त्यालाच माहीत असते. प्रवासाच्या यादीत एखादी जागा त्याच्यासाठी ठेवायला संस्थांना फार मोठा खर्च येणार नाही.