हंगाम कुणाचा, निर्णय कुणाचा?

महाबळेश्वरात ‘सीझन’ हा शब्द फुटबॉलसाठी कुणी वापरत नाही. इथं सीझन म्हणजे एप्रिल-मे. सीझन लागला की वेण्णा लेकवर घोडेवाल्यांची रांग, बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नाही आणि टॅक्सीवाल्याला जेवायला उसंत नाही. 2020 साली मार्चमध्येच कोरोनाची टाळेबंदी आली आणि सीझन लागलाच नाही. स्ट्रॉबेरीला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. ती आपल्या वेळेला लाल होत राहिली. तोडायला माणूस मिळेना, तोडली तर मुंबईला जायला गाडी मिळेना. सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ती गाईंपुढे टाकल्याची छायाचित्रं त्या वेळी सगळीकडे फिरली. हॉटेलची खोली पुढच्या दिवाळीत भाड्यानं देता येते. पिकलेल्या स्ट्रॉबेरीला दिवाळीची वाट बघता येत नाही.

त्याच दिवसांत जगभरातले फुटबॉलवाले जवळपास हाच हिशेब मांडून बसले होते. आपला अर्धवट हंगाम खोलीसारखा आहे की स्ट्रॉबेरीसारखा? थांबवून पुन्हा सुरू करायचा की रद्द करून मोकळं व्हायचं?

वरवर हा आरोग्याचा प्रश्न. पण निर्णय नीट पाहिले, तर क्लबचा पैसा कोणत्या दारानं येतो यावर बरंच काही ठरलेलं दिसतं. जर्मनीत बुंडेसलीगाच्या नऊ फेऱ्या बाकी होत्या. त्या खेळल्या नाहीत, तर टीव्हीवाल्यांचा शेवटचा हप्ता येणार नव्हता आणि काही क्लबांची तिजोरी त्याच हप्त्याकडे डोळे लावून होती. खेळाडूंच्या सतत चाचण्या, रिकामी मैदानं, राखीव खेळाडूंच्या तोंडावर मास्क अशा थाटात 16 मे 2020 रोजी लीग पुन्हा सुरू झाली. मोठ्या लीगांमध्ये पहिली तीच.

शेजारच्या नेदरलँड्समध्ये सरकारनं 1 सप्टेंबरपर्यंत सामन्यांना बंदी घातली आणि 24 एप्रिलला हंगाम गुंडाळला. अजॅक्स आणि एझेड, दोघांचे 56 गुण. अजॅक्स गोलफरकावर पुढे. विजेता कुणालाच ठरवलं नाही. खालच्या विभागात अव्वल असलेल्या कॅम्बूरला बढतीही मिळाली नाही. ते कोर्टात गेले, हरले आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिले येऊन वर चढले. फ्रान्सनं प्रति सामना सरासरी गुण काढून पॅरिस सां-जर्मांला विजेतेपद दिलं, आमियां आणि तुलूझला खाली ढकललं. दहा फेऱ्या शिल्लक असताना भागाकार करून एखाद्याला खालच्या विभागात पाठवायचं, हे मला अजूनही पटलेलं नाही. तिमाहीच्या मार्कांवरून वार्षिक परीक्षेत नापास करण्यातला प्रकार.

आपल्याकडे आय-लीगचं काम त्या मानानं सोपं होतं. मोहन बागाननं 10 मार्चलाच ऐझॉलला हरवून, चार सामने राखून, विजेतेपद पक्कं केलं होतं. एप्रिलमध्ये महासंघानं उरलेले 28 सामने रद्द केले, कुणालाही खाली उतरवलं नाही आणि बागानचा वाटा सोडून उरलेली बक्षिसाची रक्कम बाकीच्या दहा क्लबांत सारखी वाटली. पण पहिल्या आणि दुसऱ्या संघात एकाच गुणाचं अंतर असतं, तर? बागाननं ती अडचणच येऊ दिली नाही.

महाबळेश्वर-सातारा-सांगलीकडच्या माणसाला फुटबॉल म्हटलं की आठवतं कोल्हापूर. शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. इथं संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. गॅलरी भरली की तिकिटाचा पैसा येतो, स्पर्धेला चषक देणारा पुढारी खूश होतो आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूचं मानधन निघतं. प्रक्षेपणाच्या हक्कांचे कोट्यवधी वगैरे भानगड नाही. अशा ठिकाणी ‘प्रेक्षकांविना सामने’ हा उपाय सुचवणं म्हणजे मांडवाविना लग्न सुचवण्यासारखं आहे. जर्मनीत प्रेक्षक काढला तरी टीव्हीचा धंदा उरतो. कोल्हापुरात प्रेक्षक काढला की मैदानावर बावीस माणसं आणि एक चेंडू उरतो. त्यामुळे टाळेबंदीत इथला हंगाम थांबला, तेव्हा सुरू करू की रद्द करू यावर घोळ घालायला फारशी जागाच नव्हती.

गोव्यात प्रेक्षकांविना सामन्यांच्या दोन तऱ्हा पाहायला मिळाल्या. 14 मार्च 2020 रोजी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगची अंतिम लढत झाली. एटीकेनं चेन्नईयिनला 3-1 असं हरवलं, पण गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. आठ महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, तीच लीग अख्खीच्या अख्खी गोव्यात आणून बसवली. अकरा संघ, 115 सामने, मैदानं तीनच: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. संघ ‘बायो-बबल’मध्ये, म्हणजे हॉटेलात कोंडलेले. हॉटेल, बस, मैदान, परत हॉटेल. बायकामुलांपासून महिनोन्‌महिने लांब. मुंबई सिटीच्या बिपिन सिंगनं अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल करून चषक आणला, तोही रिकाम्या खुर्च्यांसमोर. मोठे मालक आणि टीव्ही पाठीशी असल्यानं हा खर्च पेलला गेला. स्थानिक स्पर्धांना एवढे दिवस हॉटेलं अडवून ठेवणं कुठून परवडणार?

बायो-बबल म्हणजे शेवटी माणसांनीच सांभाळायची भिंत, आणि ती फुटते. जानेवारी 2022 मध्ये नवी मुंबईत ती फुटली. महिलांचा आशियाई चषक भारतात, सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात, आणि इथूनच 2023 च्या विश्वचषकाची वाट जाणार होती. भारताच्या मुलींनी 20 तारखेला इराणशी 0-0 अशी बरोबरी साधली. 23 तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईशी गाठ होती. त्याआधीच संघातल्या डझनभर मुली पॉझिटिव्ह निघाल्या.

स्पर्धेचा नियम आधीच लिहिलेला होता: किमान 13 खेळाडू हवेत. तेरा भरत नव्हत्या. सामना झाला नाही. नुसता तो एक सामना गेला असता, तर गुण गमावून पुढे जाता आलं असतं. पण नियमानुसार भारतानं स्पर्धेतूनच माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धची ती बरोबरीही गुणतक्त्यातून पुसली गेली.

नियम आधी लिहिलेला असावा, असं मी नेहमी म्हणतो. डचांचा घोळ झाला तो विजेता कसा ठरवायचा हे आधी ठरलं नव्हतं म्हणून. इथं नियम आधी होता, सगळ्या संघांना सारखा होता, आणि तरीही तो वाचताना घशात काहीतरी अडकतं. सामना दोन दिवस पुढे ढकलणं अवघड होतं हे मान्य. गटाचं वेळापत्रक करकचून बांधलेलं होतं. पण पैसेवाल्या लीगांनी दोन-तीन महिने थांबून हंगाम पुरे केले आणि या मुलींच्या वाट्याला विलगीकरणाची खोली आली.

दोन आठवड्यांनी, 6 फेब्रुवारीला, त्याच डी. वाय. पाटीलवर चीननं दक्षिण कोरियाला 3-2 हरवून चषक उचलला. आणखी दीड महिन्यानं फातोर्ड्याचे दरवाजे प्रेक्षकांना उघडले. 20 मार्चच्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात केरळची माणसं पिवळे सदरे घालून गॅलरी भरून बसली होती. टायब्रेकरमध्ये हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्याचाच, केरळच्या पेनल्टी एकामागून एक अडवत गेला आणि अख्खी पिवळी गॅलरी गप्प झाली.