कितव्या पानावर आहेस?

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर रविवारी रात्री जेवणं झाली की एक प्रश्न येतो, "सध्या कोण काय वाचतंय?" सुरुवातीला सगळे नुसता अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. आता कधी कधी बारा वाजेपर्यंत गप्पा चालतात. या गप्पा कशा चालतात आणि कुठे अडतात, हे नव्या सभासदांसाठी कुणीतरी लिहावं असं ठरलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली अडचण पानांची. वाचून झालेल्या कादंबरीबद्दल बोलणं सोपं असतं. अर्धवट वाचलेल्या कादंबरीबद्दल बोलायचं, तर एक जण ४० व्या पानावर, दुसरी २०० व्या पानावर आणि तिसऱ्याने शेवट आधीच पाहून ठेवलेला. शिवाय आवृत्त्या वेगळ्या. माझ्याकडे आजीच्या कपाटातली पिवळी पडलेली प्रत आहे, कुणाकडे ऑनलाइन मागवलेली नवी, तर कुणी मोबाइलवर वाचतं, तिथे पान नावाची गोष्टच नसते. त्यामुळे आम्ही पान सांगणं सोडलं आणि प्रसंग सांगायला लागलो. "लग्न झालंय, सासरी आलेत", एवढं म्हटलं की कळतं.

ही अडचण आपल्या पणज्यांना नव्हती, बरं का! हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः छापली. अंक आला की सगळ्यांच्या हातात तेवढाच मजकूर. पुढे काय होणार, हे पुण्यातल्या वकिलालाही माहीत नाही आणि माजघरात अंक वाचणाऱ्या त्याच्या बायकोलाही नाही. कुणी कुणाच्या पुढे जाऊच शकत नव्हतं. त्याच्या आधी १८७१ मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' अशीच 'विविधज्ञानविस्तारा'त आली होती. म्हणजे वाचता वाचता गप्पा मारायची सोय छापणाऱ्यानेच करून दिलेली. आपल्याला ती मुद्दाम करावी लागते.

मुद्दाम नाही केली तर काय होतं, ते आमच्याकडे झालं. 'पण लक्षात कोण घेतो' वाचायला आम्ही चौघं बसलो होतो. त्यातली एक मैत्रीण रोज दोन-तीन पानंच वाचायची, कारण तिची सगळी शाळा हिंदी माध्यमात झाली. एका रात्री एकाने (हो, तो मीच) यमूच्या नशिबी पुढे काय येतं ते सरळ लिहून टाकलं. माझं म्हणणं, सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी कादंबरी, तिचं गुपित ते काय! तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गटातून बाहेर पडली. मला आधी राग आला, मग कळलं. कादंबरी जुनी असेल, तिच्यासाठी यमू त्या आठवड्यात जिवंत होती. तेव्हापासून गटावर नियम आहे. पुढचं सांगायचं असेल तर आधी "पुढचं आहे" असं लिहायचं, खाली भरपूर जागा सोडायची आणि मग काय ते लिहायचं.

पण या गप्पांचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी दिसला. आपल्यापैकी बरेच जण घरी मराठी बोलतात आणि वाचतात हिंदी. १९५६ ला राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून नोकरीसाठी आलेल्यांची किंवा भेलमध्ये लागलेल्यांची आपण नातवंडं. लिपी एकच, म्हणून वाटतं की मराठी वाचता येतंच. येतं, पण शब्द फसवतात. "मास्तरांनी शिक्षा केली" हे वाक्य एकाने 'मास्तरांनी शिकवलं' असं वाचलं आणि पुढच्या पानावर मुलगा रडतोय का, हेच त्याला कळेना. "तिने चेष्टा केली" म्हणजे तिने थट्टा केली, प्रयत्न नाही. "संसार मोडला" म्हणजे जग बुडालं नाही, घर मोडलं. 'ताई' म्हणजे मोठ्या काकांची बायको नव्हे, तर मोठी बहीण. 'राजीनामा' दिला म्हणजे नोकरी सोडली, समझोता केला नाही. एकट्याने वाचताना अशी चूक तशीच राहून जाते. पुस्तक मिटतं आणि माणूस म्हणतो, मराठी कादंबऱ्या कंटाळवाण्या असतात. गप्पांमध्ये ती लगेच सापडते, कारण दुसरा विचारतो, "अरे, तू हे काय वाचलंस?"

यातला सगळ्यात मजेदार किस्सा 'यमुनापर्यटन'चा. बाबा पदमनजींची १८५७ मधली ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. पदमनजींनी त्याआधी तीन वर्षं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. मी नाव टाकल्यावर एकाने लिहिलं, "दिल्ली-मथुरेचं प्रवासवर्णन दिसतंय." नदीची सहल! प्रत्यक्षात यमुना ही तरुण बाई. नवऱ्याबरोबर फिरताना ती ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते. त्या रात्री तिघांनी ती मिळवून वाचायला घेतली. नुसतं "महत्त्वाची कादंबरी आहे" म्हणालो असतो तर एकानेही घेतली नसती.

सगळं फसतंच असं नाही. 'कोसला' घेतली तेव्हा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याच्या कॉलेजात, होस्टेलवर येतो, आणि मुंबई-पुण्याच्या भाषेत मुरलेले आमचे हुशार सभासद काही शब्दांवर अडले. बुऱ्हाणपूरच्या मुलाने मात्र ते सहज सांगितले. तिकडून खानदेश जवळच. एरवी "माझी मराठी बरोबर नाही" म्हणून गप्प बसणारा हा मुलगा त्या महिन्यात सगळ्यात जास्त बोलला. नेमाड्यांनी ती लिहिली तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे आपल्या सिनिअरांपेक्षा थोडेच मोठे. त्यात मध्यावर एक प्रसंग आहे, तो मी सांगणार नाही. तिथे पोचलात की गटावर फक्त "पोचलो" लिहा, बाकीच्यांना कळतं.

गटात यायचं असेल तर बारीकशी 'बनगरवाडी' घ्या. धनगरांच्या वाडीवर नवीन मास्तर येतो. भाषा साधी आहे, अडलात तर विचारा. यमूवरून गेलेल्या मैत्रिणीला मी जानेवारीत माफीसकट तीच दिली. परवा रात्री ती गटात परत आली आणि पहिलाच मेसेज टाकला, "निम्मी झाली. पुढचं कुणीही बोलायचं नाही. विशेषतः तू."